शाळा नावाचे यंत्र

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यापुढचे सारे कुंचल्याचे. कादंबऱ्या लिहितो म्हणून गावात थोडा मान आहे आणि चित्रकला शिकवतो म्हणून शाळेत तो तितकाच कमी आहे. मात्र चित्रकलेच्या मास्तरचा शाळेला आणखी एक उपयोग असतो. कोणी शिक्षक रजेवर गेला की त्याच्या तासावर आम्हाला धाडतात. त्यामुळे एकच वर्ग मी अनेक अंगांनी पाहिला आहे. सकाळी गणिताला मुकाट बसलेला वर्ग दुपारी मराठीच्या तासाला भांड्यांच्या दुकानासारखा वाजतो. मुले तीच, भिंती त्याच, फळाही तोच.

तीन वर्षांपूर्वी सातवीच्या ‘अ’ तुकडीत एक मुलगा फार बोलत असे. मागून दुसऱ्या बाकावर बसायचा आणि गणिताच्या बाईंची पाठ फळ्याकडे वळली की याची कुजबुज सुरू. बाई कंटाळल्या. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना मीच म्हणालो, “बाई, त्याला ‘ब’ तुकडीत टाकायला सांगा हेडमास्तरांना. एक बोलका गेला की दहा गप्प बसतात.” हेडमास्तरांनी तसे केले. वर्ग गप्प झाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

सहामाहीचा निकाल लागला तेव्हा त्या तुकडीचे गणित बसले होते. मागच्या तीन बाकांवरची बहुतेक मुले नापास. बाई चकित, मी त्याहून चकित. एका मोकळ्या तासाला मागच्या बाकावरच्या एका पोराला जवळ घेऊन विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, बाई सांगायच्या ते तो आम्हाला सांगायचा.” म्हणजे काय सांगायचा? बाईंनी व्यस्त प्रमाण शिकवले; एक राशी वाढली असता दुसरी त्याच प्रमाणात कमी होते, इत्यादी. हा मागे वळून सांगे, “कोयते वाढले की फड लवकर आवरतो.” आमच्या भागातली निम्मी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे तोडणारे जोडपे, हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. बाईंचे गणित त्या कुजबुजीवर उभे होते आणि ते बाईंनाही ठाऊक नव्हते. कुजबुज मी काढून टाकली होती.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर मी ती एखाद्या कादंबरीत घालून मोकळा झालो असतो. परंतु पुढे हाती येतील ती पुस्तके वाचत गेलो आणि ध्यानात आले की या चुकीला सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. मोठमोठ्यांनी ती केलेली आहे, आणि तिचा उगम आपल्याच देशात आहे.

अँड्र्यू बेल नावाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासेत सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत. तिथल्या एका मलबारी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवताना त्यांनी पाहिली. त्यांनी आपल्या शिक्षकाला ही रीत उचलायला सांगितले, तो करीना. तेव्हा बेलसाहेबांनी आठ वर्षांच्या एका मुलाला लहानांना शिकवायला बसवले, आणि त्याने ते उत्तम केले. १७९७ साली त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनला छापला. दुसऱ्याच वर्षी जोसेफ लँकेस्टर या तरुणाने लंडनच्या सदर्क भागात शाळा काढली आणि तिथे पोरांनी पोरांना शिकवण्याच्या कल्पनेचे बघता बघता यंत्र झाले. एक मास्तर आणि शेकडो मुले. शिकवायला मॉनिटर, हजेरी घ्यायला मॉनिटर, पाट्या वाटायला मॉनिटर, मॉनिटरांवर देखरेखीला मॉनिटर. लँकेस्टर माराच्या विरुद्ध होता. उनाड मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्याची शिक्षा मात्र त्याला वावगी वाटली नाही! ही पद्धत स्वस्त होती, म्हणून ती अमेरिकेपर्यंत पसरली, आणि काही दशकांत विटली. मला वाटते, वाळू आणि मॉनिटर जहाजात चढले; पण थोरला पोरगा धाकट्याला त्याच्या घरच्या बोलीत सांगतो, त्याची आई कोण, तो आज का रडतो हे त्याला ठाऊक असते, ते मद्रासेतच राहिले.

यंत्राचा खरा कळस मात्र १८६२ साली झाला. इंग्लंडात सरकारी पैशाने चालणाऱ्या गरिबांच्या शाळांचा खर्च वाढत होता. शिक्षणखात्याचा कारभार रॉबर्ट लो यांच्याकडे होता. मनुष्य बुद्धिमान, हिशेबी, आणि त्यांचे म्हणणे कोणालाही पटावे असे: शिक्षण चांगले होत नसेल तर निदान स्वस्त होईल, आणि स्वस्त झाले नाही तर निदान चांगले होईल. नियम ठरला. मुलाच्या हजेरीबद्दल शाळेला ४ शिलिंग. आणि इन्स्पेक्टर येऊन वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांची परीक्षा घेईल, त्यात तो पास झाला तर आणखी ८ शिलिंग. ज्या विषयात नापास होईल त्या विषयामागे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. मुलांचे सहा ‘स्टँडर्ड’ पाडले. आपण इयत्तेला स्टँडर्ड म्हणतो, तो शब्द त्याच काळच्या इंग्रजी शाळाव्यवहारातला.

आता या नियमात वाईट काय आहे? मी कितीदा तरी तो उलटून पाहिला. कागदावर काहीच वाईट नाही. पण शाळा कागद नसते. नियम झाला त्या दिवशी जी शाळा होती ती दुसऱ्या दिवशी राहिली नाही. पगार परीक्षेवर येऊ लागताच मास्तरांनी जे परीक्षेत नाही ते बाजूला सारले. इतिहास गेला, भूगोल गेला. वाचनाची परीक्षा ठरावीक पुस्तकातून होई, म्हणून मुलांकडून ते पुस्तकच तोंडपाठ करून घेतले. आकडे सुधारले आणि वाचन संपले. कवी मॅथ्यू अर्नल्ड पोटासाठी शाळा-इन्स्पेक्टर होता. १८५१ पासून पस्तीस वर्षे त्याने हे काम केले. मुले पास होतात आणि वाचता येत नाही, शिकवण्यातला जीव जातो आहे, असे तो आपल्या अहवालांतून परोपरीने लिहीत राहिला. पद्धत पूर्णपणे मोडायला १८९७ साल उजाडले. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाच्या हिशेबात निकालाप्रमाणे पैसे देण्याचे हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरले होते. जुन्या मंडळींच्या आठवणींत इन्स्पेक्टर येण्याच्या दिवसाची जी धास्ती वाचायला मिळते, ती नुसती साहेबाची नव्हती.

या प्रकरणातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे एडमंड होम्स. याने आयुष्यभर इन्स्पेक्टरी केली, मुख्य इन्स्पेक्टर झाला, आणि निवृत्त झाल्यावर १९११ साली एक पुस्तक लिहून सांगितले की ज्या पद्धतीने शिक्षकांना आणि मुलांना यंत्र केले तिचा मीही एक हात होतो. पेन्शन सुरू झाल्यावर का होईना, असे छापून सांगणारे किती निघतात?

लो यांची चूक कुठे झाली हे नेमके सांगायला लागणारी भाषा पुढच्या शतकात तयार झाली, आणि ती शाळेत तयार झाली नाही. वॉरन वीव्हर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली लिहिले की विज्ञानाला दोन प्रकारचे प्रश्न सोडवता येतात. थोड्या गोष्टींचे, आणि अगणित पण एकमेकींशी फारसे देणेघेणे नसलेल्या गोष्टींचे. कॅरमची एक सोंगटी कुठे जाईल ते सांगता येते. हवेच्या कोट्यवधी कणांची सरासरीही सांगता येते. अवघड आहे ते मधले: जिथे गोष्टी मोजक्याच असतात, पण प्रत्येक दुसरीकडे बघून आपले वागणे बदलते. सोंगट्या जर स्ट्रायकर कोणाच्या हातात आहे हे बघून सरकू लागल्या तर कॅरम कोण खेळेल? वर्ग हा असा कॅरम आहे. १९६१ साली हवामानाचे गणित करताना एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ या आकड्याऐवजी ०.५०६ घातले आणि थोड्याच वेळात यंत्रातले हवामान पार निराळे निघाले. १९८४ साली अमेरिकेत सँटा फे येथे अशा गुंत्यांच्या अभ्यासासाठी एक संस्थाच निघाली. मुंग्यांचे वारूळ, बाजारपेठ, रोगाची साथ, सर्वांना ही दृष्टी लावली गेली. शिक्षणाकडे ती सावकाश आली. ब्रेंट डेव्हिस आणि डेनिस सुमारा यांचे त्यावरचे पुस्तक २००६ चे.

दरम्यान अमेरिकेतच एक असा प्रयोग होऊन गेला होता की तो लो यांच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचावा. टेनेसी राज्याने १९८५ ते १९८९ या चार वर्षांत ७९ शाळांतून वर्ग लहान केल्याने काय होते ते पाहिले. कोण १३ ते १७ मुलांच्या वर्गात जाणार, कोण २२ ते २५ मुलांच्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, शिक्षकांचेही तसेच. चार वर्षांत साडेअकरा हजारांवर मुले यात आली. असा काटेकोर प्रयोग शिक्षणात फार थोडा झाला आहे. निष्कर्ष स्वच्छ निघाला: लहान वर्गातली मुले वाचनात आणि गणितात पुढे गेली, आणि गरिबांची व काळ्या वस्तीतली मुले अधिक पुढे गेली.

मग १९९६ साली कॅलिफोर्नियाची तिजोरी भरली होती. तिथल्या सरकारने ठरवले, आपणही वर्ग लहान करू. तीसच्या आसपास मुलांचा वर्ग वीसवर आणा आणि मुलामागे ६५० डॉलर घ्या. निर्णय जुलैत झाला, शाळा काही आठवड्यांत उघडायच्या होत्या. पैशाला कोण नाही म्हणेल? संगीताच्या खोल्या, वाचनालये यांचे वर्ग झाले. वर्ग वाढले तसे शिक्षक हवे झाले. बालवर्ग ते तिसरीचे शिक्षक तीन वर्षांत सुमारे ६२ हजारांवरून ९१ हजारांवर गेले. इतके तयार शिक्षक आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेले शिक्षक शंभरात दोनदेखील नव्हते, ते दोन वर्षांत शंभरात बारांवर गेले. आणि खरी मेख पुढेच आहे. श्रीमंत वस्त्यांतल्या शाळांत जागा निघाल्या, तेव्हा गरीब वस्त्यांतले अनुभवी शिक्षक तिकडे निघून गेले. ज्या मुलांना टेनेसीत सर्वांत अधिक लाभ झाला, त्यांच्याच वाट्याला इथे नवखे मास्तर आले. वर्ग लहान झाल्याचा फायदा नव्हता असे नाही, पण तो पुष्कळ ठिकाणी नवखेपणाने खाऊन टाकला. २००२ साली अभ्यासकांनी शेवटचा अहवाल दिला, त्यात या खर्चाचा आणि मुलांच्या प्रगतीचा संबंध त्यांना ठामपणे जोडता आला नाही.

टेनेसीचा प्रयोग खोटा होता का? मुळीच नाही. ७९ शाळांत वर्ग लहान केले तर राज्यातला शिक्षकांचा बाजार हलत नाही. सगळ्या राज्यात केले की हलतो. त्याच २००२ साली डेव्हिड बर्लिनर या शिक्षणशास्त्रज्ञाने लिहिले की शिक्षणाचे संशोधन हे सर्वांत कठीण शास्त्र आहे, कारण इथे एका वर्गातले निदान शेजारच्या वर्गात लागू पडेल याची शाश्वती नसते. आमच्या गणिताच्या बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “त्याला अमेरिकेत जायला कशाला हवे होते?”

हे वाचून कोणी म्हणेल, मग प्रयोग करूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. लहान वर्ग मला मिळाला तर मी आजही आनंदाने घेईन. पण कळ दाबली की दिवा लागेल अशा खात्रीने मुलांना इकडून तिकडे हलवण्याचा मात्र आता मला धाक वाटतो.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. ‘ब’ तुकडीत तो गप्प झाला असे तिथले शिक्षक म्हणत. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत आलाच नाही. एरवी आईबाप ऊसतोडीला गेले की हा आजीपाशी राहत असे. त्या वर्षी तोही टोळीबरोबर गेला. आजी आजारी होती, उचल जास्त घेतली होती, शाळेत मन लागत नव्हते. गावात तीन माणसांनी मला तीन कारणे सांगितली. माझ्या त्या चहाच्या वेळच्या सल्ल्याचा त्यात किती वाटा, याचा हिशेब मला आजतागायत लागलेला नाही.

चैत्रात टोळ्या परतल्या. मी त्याच्या घरी गेलो, हेडमास्तरांपुढे हात जोडले, आणि जूनमध्ये तो आठवीला पुन्हा जुन्या तुकडीत, जुन्या मुलांत, मागून दुसऱ्या बाकावर बसला. मला वाटले, झाले, घातले तिथे घातले. पण तो बोलेना. मागची मुलेही आता त्याच्याकडे बघेनात. त्यांनी दरम्यान एकमेकांची वही बघून उतरवायची सवय लावून घेतली होती. आषाढ गेला, श्रावण गेला. एका दुपारी बाई रजेवर होत्या म्हणून मी त्या वर्गावर गेलो आणि फळ्यावर बैलगाडीचे चाक काढू लागलो. आऱ्या कशा काढायच्या ते सांगत होतो. पाठीमागे कोणीतरी हळूच म्हणाले, “अरे तसं नाही, आधी तुंबा काढ, मग आरं बसव.”

मी वळलो नाही. चाक पुरे झाले होते, तरी खडू हातातच ठेवला आणि त्याच्या शेजारी दुसरे चाक काढायला घेतले.