पायाचा वास आणि कातड्याचा हौद

मागचं व्याख्यान संपवून आम्ही उठत होतो, तेव्हा एका श्रोत्यांनी आम्हाला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘पायांना वास येतो, त्यावर घरच्या घरी काही आहे का हो?’ इतिहासाच्या व्याख्यानाला आलेल्या माणसाने हे आम्हाला का विचारावं, ते कळेना. मग त्यांनीच उलगडा केला. मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी मुलाकडे बैठकीला जायचं होतं. दारात बूट काढावे लागणार, मोज्यांनिशी सतरंजीवर बसावं लागणार, आणि गृहस्थ आठ दिवस त्याच काळजीत होते. कोणी तरी त्यांना चहापत्ती उकळून त्या पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितलं होतं. दुसऱ्याने व्हिनेगर सांगितलं, तिसऱ्याने तुरटी, चौथ्याने खडे मीठ. त्यांचा प्रश्न होता, यातलं खरं काय? आणि आमच्या मनात आलं, हे सगळं आलं कुठून? आजचं व्याख्यान त्या दुसऱ्या प्रश्नावर आहे. पहिल्याकडे जाताजाता येऊच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पायाला येणारा घाम मुळात वासाचा नसतो. दोन्ही तळपायांवर मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात, आणि त्यांतून येतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वास तयार करतात कातडीवरचे जिवाणू. घामाने ओली झालेली वरची कातडी आणि घामातली द्रव्यं यांवर ते जगतात आणि त्यातून काही आम्लं बाहेर टाकतात. त्यांतलं मुख्य आयसोव्हॅलेरिक आम्ल. 1990 साली जपानी संशोधकांनी पायाच्या वासाशी त्याचा संबंध दाखवून दिला. काही युरोपीय चीजनाही असाच वास येतो, कारण तिथे काम करणारे जिवाणू आपल्या पायांवरच्या जिवाणूंचे जवळचे भाऊबंद आहेत. आफ्रिकेतल्या मलेरियाच्या डासांना पायाचा वास आवडतो, म्हणून लिंबर्गर चीजही आवडतं, असं दाखवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2006 साली इग्नोबेल पारितोषिक मिळालं. लोक हसले, पण डासांचे सापळे लावण्यासाठी ते संशोधन उपयोगी होतं.

तर वासाला तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि कोंडलेली हवा. अनवाणी पायाला ओल मिळते, ऊबही मिळते, पण हवा कोंडत नाही. म्हणून आपल्या जुन्या घरांत पायाचा प्रश्न वासाचा नव्हता, तो चिखलाचा आणि धुळीचा होता. दाराशी तांब्या ठेवलेला असे, पाहुणा आला की पायावर पाणी घालत. पूजेच्या सोळा उपचारांमध्ये आवाहन आणि आसन यांच्यानंतर लगेच पाद्य येतं, म्हणजे देवालाही पाय धुवायला पाणी. पावसाळ्यात भातलावणीला दिवसदिवस चिखलात उभं राहिलं की बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून कुजायची. त्याला आपण चिखल्या म्हणतो. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावायचा, टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल. आल्डो कास्टेलानी नावाचे इटालियन डॉक्टर कोलंबोत काम करत होते. त्यांनी 1910 साली तळपायाच्या एका रोगाचं वर्णन केलं, ज्यात कातडीला बारीक बारीक खड्डे पडतात आणि पायांना उग्र वास येतो. आज हाच रोग बूट घालणाऱ्यांत सर्रास दिसतो. म्हणजे एका अर्थाने आपण पावसाळा बुटात भरून बारा महिने पायाला बांधून घेतला.

बूट आपल्याकडे आले ते नुसत्या फॅशनने नव्हेत. 1854 साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठरवलं की बंगालमधल्या ज्या हिंदी गृहस्थांनी युरोपीय पद्धतीचे बूट घातले असतील, त्यांनी सरकारी प्रसंगी ते काढायची गरज नाही. देशी जोडे घातलेल्याने मात्र दाराबाहेर काढायचे! 1862 साली आपल्याच मुंबई इलाख्यात, सुरतेच्या न्यायालयात, एका पारशी असेसरने जोडे काढायला नकार दिला आणि प्रकरण सरकारपर्यंत गेलं. बूट-मोजे म्हणजे साहेबासमोर ताठ उभं राहण्याचा परवाना झाला. मग कचेरी, पोलीस, पलटण, कॉलेज, क्रिकेट, आणि शेवटी शाळेचे कॅनव्हासचे बूट. अठ्ठावीस-तीस अंशांच्या दमट हवेत, लोकरी आणि पुढे नायलॉनच्या मोज्यांत. इज्जत मिळाली, आणि तिच्याबरोबर हा वासही.

आता त्या बादलीकडे येऊ. चहापत्ती, तुरटी, मीठ, व्हिनेगर. वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या तोंडांनी सांगितलेले हे चार उपाय. आम्ही त्यांचा माग काढत बसलो, आणि चारही वाटा एकाच दारात जाऊन पोहोचल्या. ते दार म्हणजे कातडं कमावण्याच्या हौदाचं.

बघा. जनावराचं कातडं सोललं की ते कुजायला लागतं. कुजवणारे तेच, जिवाणू. पहिला उपाय मीठ: मीठ चोळलं की पाणी ओढून घेतलं जातं आणि कुजणं थांबतं. दुसरा उपाय आम्ल: मीठ आणि आम्ल यांच्या पाण्यात कातडं भिजवण्याची पायरी चर्मोद्योगात आजही आहे. तिसरा तुरटी: तुरटीने कमावलेलं पांढरं मऊ कातडं फार जुन्या काळापासून माहीत आहे. आणि चौथा, आपल्या मुलखातला मुख्य, झाडांची साल आणि फळं. बाभळीची साल आणि हिरडा. या दोन्हींत टॅनिन असतं. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतं, ती आवळली जातात, आणि मग जिवाणूंना तिथे खायला काही उरत नाही. कोऱ्या चहाचा घोट घेतल्यावर जीभ आवळल्यासारखी वाटते ना? तेच ते टॅनिन. चहाच्या पाण्यात पाय बुडवून बसणं म्हणजे तळपायाच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरावर तोच प्रयोग अगदी सौम्य प्रमाणात करणं.

हिरड्याबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण हा आपला माल. सह्याद्रीतून, जुन्नर-आंबेगाव-भीमाशंकरच्या पट्ट्यातून आदिवासींनी गोळा केलेला हिरडा पुढे जगभरच्या चर्मालयांत जायचा. व्यापारात हिरड्याच्या ज्या प्रती ठरलेल्या होत्या, त्यांतल्या एकीचं नावच ‘विंगोर्ला’ होतं, म्हणजे आपलं वेंगुर्लं. इंग्लंडमधल्या चर्मकाराला वेंगुर्लं कुठे आहे हे माहीत नसेल, पण नाव रोज त्याच्या तोंडात होतं.

आणि हौदावर काम कोण करत होतं? आपल्याकडे कातडं कमावायचं काम ढोर-कक्कय्या समाजाकडे आणि शिवायचं चर्मकार समाजाकडे, अशी साधारण वाटणी होती. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावण्याची जुनी रीत अशी की चुन्यात घालून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, ते टांगायचं, आणि आत बाभळीची साल व हिरडा यांचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली येतं, ते पुन्हा वर ओतायचं. हे दिवसेंदिवस चालतं. सालीच्या पाण्याला तसा घाण वास नसतो, तो ओल्या लाकडासारखा, कडक चहासारखा असतो. नाकाला झोंबतो तो चुन्याचा आणि कुजलेल्या मांसाचा टप्पा. पण वास आला की तो हौदापुरता राहिला नाही, माणसालाच चिकटवला गेला. ज्यांना कातड्याचा वास घालवायची विद्या साऱ्या गावात सर्वांत जास्त ठाऊक होती, त्यांनाच गावाने वासाचे म्हणून वेशीबाहेर ठेवलं. आणि ज्यांनी चपला केल्या, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना आणि इतर दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना त्या पायातून काढून हातात घ्याव्या लागत. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 साली मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला कारागिरांचं नाव न घेता मिरवल्या, तेव्हा आपण सगळे रागावलो. रागावलो ते बरोबरच होतं. पण नाव न घेण्याची सवय मिलानने लावलेली नाही, एवढं आम्ही म्हणू.

युरोपातही हीच जोडी दिसते. क्रोमने कातडं कमावण्याचं पेटंट 1884 साली अमेरिकेत निघालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत जर्मन लष्करात घामट पायांच्या सैनिकांच्या तळव्यांना क्रोमिक आम्ल लावू लागले. कातड्याला जे चाललं, ते शिपायाच्या पायालाही चालवून पाहिलं. हे विषारी आहे, घरी कोणी करू नये. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या गार चिखलाने हजारो पाय सडले, तेव्हा मात्र उपयोगी पडलं ते रसायन नव्हे. अधिकाऱ्याने रोज पाय तपासायचे, मोजे बदलायला लावायचे, पाय कोरडे करायचे, ही शिस्त.

आमचं मतही तेच आहे. बादलीतल्या पाण्याने फरक पडतो, पण तो थोडा आणि थोड्या दिवसांचा. साबणाने बेचक्या धुऊन फडक्याने कोरड्या करणं, मोजे रोज बदलणं आणि एकच जोडी सलग दोन दिवस न घालणं, याने जास्त पडतो. बुटाचं आतलं अस्तर एका रात्रीत वाळत नाही, हे लोक विसरतात.

आता ज्या भागासाठी हे व्याख्यान लांबवलं, तिकडे येतो. पाय पाण्यात भिजवण्याचा एक इतिहास याच्या अगदी उलट आहे. कुष्ठरोगात पायाच्या नसा मरतात. वेदना कळत नाही, आणि घामही येत नाही. घाम नाही म्हणून कातडी सुकते, सुकली म्हणून भेगा पडतात, भेगेत जंतू शिरतात, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्या पायावर चालत राहतो. जखम चिघळते आणि तिला वास येतो. त्या वासावरून माणसांना घराबाहेर काढलं गेलं. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण 1936 पासून, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन 1946 पासून, वरोऱ्याला बाबा आमटे 1949 पासून ज्यांच्यात राहिले, ती ही माणसं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करत. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने गळत नाहीत, न जाणवलेल्या इजांनी झिजतात. मग अशा पायांची काळजी कशी घ्यायची, तर रोज वीसेक मिनिटं साध्या पाण्यात भिजवायचे, घट्टे खरखरीत दगडाने हलके घासायचे, आणि ओल असतानाच तेल लावायचं. पायात मऊ रबराच्या तळव्याची चप्पल. ना चहा, ना तुरटी, ना मीठ. त्या पायाला कोरडं करायचं नाही, त्याला परत ओल द्यायची.

हे कुष्ठरोगापुरतं नाही. मधुमेहात पायाच्या नसा अशाच बधिर होतात, आणि या सभागृहात मधुमेहाची गोळी घेणारे किती आहेत हे आम्ही हात वर करायला लावून विचारणार नाही. अशा माणसाने गरम पाण्याची बादली घेऊ नये. पाणी किती कढत आहे ते त्याच्या पायाला कळत नाही, आणि पाय भाजून निघाल्यावर कळतं. व्हिनेगर, तुरटी, मीठ त्याने टाळावं. आणि त्याच्या एकाच पायाला अचानक वास येऊ लागला, तर तो घामाचा मानू नये. तळवा आरशात बघावा, न दिसल्यास घरच्यांना दाखवावा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. जिथे दुखणं बोलत नाही, तिथे कधी कधी वासच आधी बोलतो.

प्रश्नोत्तरांत कोणी तरी विचारेलच, म्हणून चहाचं माप सांगून ठेवतो. अर्धा लिटर पाण्यात दोन-तीन चमचे पत्ती, पंधरा मिनिटं उकळायची, गाळून दोन लिटर गार पाण्यात मिसळायची, आणि कोमट असताना अर्धा तास पाय बुडवायचे. आठवडाभर रोज. कातडी फाटलेली असेल तर नको. टॉवेल जुना घ्या, डाग जात नाहीत.

ते गृहस्थ आज पुढच्या रांगेत बसले आहेत. पत्ती त्यांनी उकळली होती म्हणे, पण बैठकीला शेवटी गेले ते कोल्हापुरी घालून.