जीटीओ आणि स्कॉर्पिओ-एन : ताकदीची दोन मोजमापे

पालघरहून मनोरकडे जाणारी गाडी वाघोबा घाट ओलांडून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील वाहने चिल्हार फाट्यावरून तेथेच येऊन मिळतात. अरुंद वळणे, पावसाळी निसरड आणि पुढे भरधाव महामार्ग, असा हा टापू आहे. येथील खरेदीदारही इतरत्रच्या खरेदीदारांप्रमाणे प्रथम विचारतो ते अश्वशक्तीबद्दल. हा आकडा किती फसवा असतो, ते दोन पिढ्यांच्या गाड्या शेजारी ठेवल्या की कळते.

अमेरिकेत ‘मसल कार’ या प्रकाराचा आरंभ सर्वसाधारणपणे १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून मानतात. मध्यम आकाराच्या मोटारींत मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६.४ लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन टेम्पेस्ट ल मान्स या गाडीत ‘ऐच्छिक सामग्री’ म्हणून देऊन त्याला बगल दिली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. त्या काळी आपल्याकडे मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे या गाड्या येथे दुर्मीळच राहिल्या.

जीटीओची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. परंतु ही मोजणी इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर, जनित्र आणि पूर्ण सायलेन्सर यांचा भार वगळून होत असे. अमेरिकी उत्पादकांनी १९७२ च्या मॉडेलांपासून हे सारे जोडून मोजायला सुरुवात केली आणि आकडे एकदम खाली आले. २०२२ मध्ये आलेल्या, चाकण येथे तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एनचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे २०० अश्वशक्ती देते, तीही जीटीओच्या इंजिनाच्या एक-तृतीयांशाहून कमी आकारमानात.

घाटात मात्र प्रश्न थांबण्याचा असतो. जीटीओच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते; उतारावर वारंवार वापरले की ते तापतात आणि पकड सुटत जाते. शिवाय सुकाणू डावीकडे. मनोरच्या रस्त्यावर रसायनांच्या टँकरला मागे टाकायचे, तर समोरचे वाहन चालकाआधी शेजारच्यालाच दिसणार! स्कॉर्पिओ-एनला पुढे डिस्क ब्रेक, एबीएस आणि एअर बॅगा आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाच तारे मिळाले. मूळ स्कॉर्पिओच्या एअर बॅगविरहित प्रकाराला २०१६ मध्ये त्याच संस्थेने शून्य दिले होते, हेही नोंदवलेले बरे. उंच बांध्यामुळे एसयूव्हीचा गुरुत्वमध्य वर राहतो. बुटकी जीटीओ त्या बाबतीत सरस, आणि एकाएकी सुकाणू वळवावे लागले तर हा फरक जाणवतो.

तरीही केवळ गाडीच्या पाच ताऱ्यांवर विसंबता येत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी आधुनिक, महागडी मर्सिडीज एसयूव्ही होती. पुढचे दोघे बचावले, मागचे दोघे दगावले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात आढळले. मागील आसनावर पट्टा लावण्याचा नियम त्याआधीपासून होता आणि २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंडही ठरवला होता.