राक्षस-कारागीर (हेमाडपंती आख्यायिका)

राक्षस-कारागीर : जुनी दगडी देवळे मानवेतर कारागिरांनी बांधली आणि ते निघून गेल्यावर त्यांची विद्याही गेली, ही महाराष्ट्रातील लोकसमजूत. इंग्रजी लेखक टोल्कीन यांच्या कथांतील समुद्रापार निघून जाणाऱ्या एल्फ या मानवेतर जमातीशी तिचे साम्य आहे.

आख्यायिका : एका पाठानुसार हेमाडपंताने बिभीषणाचे दुखणे बरे केले आणि मोबदल्यात लंकेचे राक्षस बांधकामासाठी आणले. मोडी लिपीही त्याने तिकडूनच आणली, असे सांगतात. दुसऱ्या पाठात पांडव एका रात्रीत देऊळ उभारतात. कोंबडा आरवला की हातातले काम टाकून निघून जातात.

काळ : हेमाद्री (हेमाडपंत) हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदफ्तराचा प्रमुख (तेरावे शतक). अंबरनाथचे देऊळ मात्र शिलालेखानुसार शके ९८२ मधील (इ. स. १०६०), म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. त्यामुळे अशा देवळांना लावली जाणारी ‘हेमाडपंती’ ही संज्ञा सर्वमान्य नाही.

तंत्र : काळा पाषाण टाकीने घडवून चुन्याशिवाय थरावर थर रचतात. एका दगडात खोबण, दुसऱ्यात खुंटी. बाकी काम दगडाचे वजनच करते. छतासाठी चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरके दगड टाकून अष्टकोन साधतात, मग प्रत्येक थर थोडा आत सरकवत वर्तुळ आवळत नेतात. शेवटी मधोमध एकच दगड बसतो, बहुधा कोरीव कमळाचा. प्रत्येक दगड चढवण्याआधी जमिनीवर पुरता घडवावा लागतो. सांध्यातली फट चुन्याने भरून काढायची सोय नसल्याने पाथरवटाची चूक झाकली जात नाही. या शिस्तीपुढेच पाहणाऱ्याला माणूस अपुरा वाटला असावा.

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातील देवळे : रतनवाडीचे अमृतेश्वर, टाहाकारीचे जगदंबा, पेडगावचे लक्ष्मीनारायण, हरिश्चंद्रगडावरील हरिश्चंद्रेश्वर.



लोप : यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी संपली आणि मोठ्या देवळांचा राजाश्रय आटला. निजामशाहीत बांधकाम चुना, कमान आणि घुमट यांचे झाले. दगड घडवणारा हात मात्र टिकला. नगरच्या किल्ल्याजवळील दमडी मशिदीचे (१५६७) कोरीवकाम त्याची साक्ष देते. किल्ल्याच्या बांधकामावरील मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती उभारली, अशी कथा आहे. देवळांच्या कथेत ज्यांचे राक्षस झाले, ते कामकरी इथे माणूस म्हणून उरले. लोककथेने पाथरवटाला दिलेला हा मान दुर्मीळ आहे आणि म्हणूनच जपण्याजोगा.