नाव नसलेली कावीळ

मराठी घरांत कावीळ हा फार काळ एकच आजार होता. डोळे पिवळे झाले की उसाचा रस, तेल-तिखट बंद आणि कावीळ उतरवणाऱ्याकडची माळ. माळ लांबत जाईल तशी कावीळ उतरते, असा समज. दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होत असल्यामुळे श्रेय माळेला मिळे. आपण या समजुतीला हसतो. पण त्या काळचे वैद्यकीय निबंध वाचताना मला जाणवले, की वैद्यकशास्त्राचीही अशीच एक समजूत होती. पाण्यातून पसरते ती कावीळ ‘हिपॅटायटिस ए’चीच, हे १९७०च्या दशकातही गृहीत धरलेले होते.

या गृहीताला पहिला तडा दिल्लीतच जायला हवा होता. १९५५च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. पाण्यात क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. विषमज्वराची साथ आली नाही. कावीळ मात्र शहरभर पसरली. सुमारे २९,३०० लोकांना ती झाली, असा अंदाज आहे. गर्भवती स्त्रियांमध्ये आजार अधिक गंभीर होत असल्याचेही तेव्हा दिसले. पण विषाणू ओळखण्याची चाचणीच नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जुनाच राहिला.

१९७८च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातील गावांत साथ आली, तेव्हा श्रीनगरचे तरुण डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू घरोघर फिरून नोंदी करू लागले. त्यांच्या अंदाजानुसार सुमारे २०० गावांत ५२,००० लोकांना कावीळ झाली आणि १,७०० दगावले. खुरूंना खटकलेली गोष्ट साधी होती. अशा वस्तीत ‘ए’ विषाणूची बाधा बालपणीच होऊन जाते आणि प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. मग तरणीताठी माणसेच का आजारी पडत होती? रक्त तपासले, तर ‘ए’च्या ताज्या बाधेची खूण नव्हती, जुन्या बाधेची होती. ‘बी’नेही ही साथ उलगडत नव्हती.

सर्वांत बोलकी नोंद स्त्रियांची आहे. पाहणीतील २०८ गर्भवतींपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे शंभरात सतराहून अधिक. गर्भवती नसलेल्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात दोनच्या आसपास होते. त्या ३६ पैकी ८ जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. एरवी ‘बाळंतपणात गेली’ एवढ्यावर संपणारे हे मृत्यू खुरूंनी वेगळे मोजले, म्हणूनच त्यांना वेगळ्या विषाणूचा माग लागला, असे मला वाटते.

१९८० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल यांचा गट आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खोर्शेद पावरी व सहकारी यांनीही हाच निष्कर्ष मांडला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेला रक्तद्रवही होता. पंचवीस वर्षांपूर्वीच्या रुग्णांनी अखेर साक्ष दिली: ती कावीळ ‘ए’ची नव्हती.

पुरावा अजून नकारात्मकच होता. हा विषाणू काय नाही, एवढेच कळले होते. पुढे मिखाइल बलायान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्यायला. काही आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली आणि त्यांच्या विष्ठेत विषाणूचे कण सापडले. १९९० साली विषाणूच्या जनुकांचा भाग हाती आला. ‘हिपॅटायटिस ई’ हे नाव रूढ झाले.

इतिहास सांगताना बलायान यांचे धाडस हमखास पुढे येते आणि ते यावेच. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती खुरूंची वही. चीनने २०११ मध्ये लस मंजूर केली. तरी आपल्याकडे आजही मुख्य भिस्त पाण्यावरच आहे. गळकी जलवाहिनी आणि तिच्याशेजारचे गटार जिथे एकमेकांना भेटतात, तिथे नजफगढ नाला अजून वाहतोच आहे. अशा वस्तीत साथ आली की पहिली चौकशी घरातल्या गर्भवतीची व्हायला हवी. ते शहाणपण काश्मीरच्या ३६ स्त्रियांकडून आलेले आहे.