हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस कुठे गेला?

वर्धा जिल्ह्यातील एका गावाचे नाव एकोणिसाव्या शतकात थेट कापसाच्या प्रतीचे नाव झाले होते: हिंगणघाट. त्या नावामागचे वाण होते ‘बनी’, देशी कापसातील सर्वांत तलम धाग्यांपैकी एक.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मध्य हिंदुस्थानाकडे वळली. १८६२ मध्ये नागपूरपासून वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमले गेले. त्या पदावरील रिव्हेट-कार्नॅक यांनी हिंगणघाटचे बियाणे शुद्ध राखण्याचा आणि पसरवण्याचा खटाटोप केला. सरकार एक वाण जपू पाहत होते, तेही गिरण्यांसाठी!

तरीही बनी मागे पडला. इंग्रजी कागदपत्रांत ‘जरी’ म्हणून नोंदलेला आखूड, जाडाभरडा कापूस काटक होता आणि तेवढ्याच कापसातून रुई अधिक देई. भावातील फरक ही तूट भरून काढत नसे. शेतकऱ्याचा हिशेब चुकलेला नव्हता. तलमपणाचे मोल त्याच्या पदरात पडतच नव्हते.

दुसरे कारण यंत्रांत दडले होते. घरच्या रेच्यावर रुई काढली की सरकी घरातच राही आणि पुढच्या पेरणीचे बी तिच्यातूनच निवडले जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वाफेवरचे जिन आले. तिथे अनेक गावांचा कापूस एकत्र पडे, सरकीही मिसळे, आणि तीच बियाणे म्हणून शेतात परते. भेसळ रोखणारे कायदे १९२३ व १९२५ मध्ये झाले, पण ते व्यापारातील कापसासाठी होते. शेतातले वाण तोवर मिसळून गेले होते.

विविधता पूर्णपणे संपली मात्र नाही. पऱ्हाटीच्या ओळींमध्ये तुरीचा तास राहिला, शेजारी ज्वारी राहिली. स्वातंत्र्याच्या वेळीही देशातील बहुतेक कापूस देशी प्रजातींचाच होता.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज विदर्भात बहुतांश क्षेत्र अमेरिकन प्रजातीच्या संकरित वाणांखाली आहे. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत देशी वाणांचा संग्रह जपला जातो. हिंगणघाटच्या जिनांत सरकीचे ढीग आजही लागतात, पण पुढच्या हंगामाचे बी त्यांतून कोणी निवडत नाही.