जो हॅरियट यांची ध्वनिमुद्रणे

जोसेफ आर्थरलिन तथा जो हॅरियट (१५ जुलै १९२८, किंग्स्टन, जमैका – २ जानेवारी १९७३, साउदम्प्टन, इंग्लंड) हे जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये कारकीर्द घडवलेले जॅझ संगीतकार व आल्टो सॅक्सोफोनवादक होते. सुमारे वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी स्वतःच्या वाद्यवृंदासह तसेच इतर अनेक वादक-रचनाकारांबरोबर ध्वनिमुद्रणे केली. बीबॉप, मुक्त जॅझ आणि भारतीय रागसंगीताशी जॅझची सांगड घालणारे इंडो-जॅझ या तीन शैलींमधील त्यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. यांपैकी इंडो-जॅझ ध्वनिमुद्रणांत मुंबईत जन्मलेले तबलावादक केशव साठे आणि गोमंतकीय कुटुंबातील गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांचा सहभाग होता. त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे मुंबई व गोव्याच्या संगीतपरंपरेशीही जोडलेली आहेत.

पार्श्वभूमी

हॅरियट यांचे शिक्षण किंग्स्टन येथील अल्फा बॉइज स्कूल या संस्थेत झाले. वंचित मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या या संस्थेच्या बँडमधून जमैकाचे अनेक नामवंत वादक घडले. १९५१ मध्ये ते एका वाद्यवृंदाबरोबर इंग्लंडला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये मोठे स्थलांतर झाले. पुढे हॅरियट यांच्या संचात आलेले बासवादक कोलरिज गुड (जमैका) आणि ट्रम्पेटवादक शेक कीन (सेंट व्हिन्सेंट) हेही कॅरिबियन बेटांवरून आलेले होते.

प्रारंभीची ध्वनिमुद्रणे

१९५० च्या दशकात हॅरियट यांच्या वादनावर अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या बीबॉप शैलीचा ठळक प्रभाव होता. द्रुत लय, लांब पल्ल्याच्या स्वरपंक्ती आणि धारदार, काहीसा आर्त नाद ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये होती. ड्रमवादक टोनी किन्सी यांच्या संचात व रॉनी स्कॉट यांच्या मोठ्या वाद्यवृंदात त्यांनी काम केले. १९५४ पासून त्यांची स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रणे होऊ लागली. १९५८ मध्ये त्यांनी पाच वादकांचा स्वतंत्र संच स्थापन केला. ‘सदर्न होरायझन्स’ ही या संचाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका असून तिच्यातील वादन बव्हंशी रूढ बीबॉप चौकटीतले आहे.

मुक्त रूपातील ध्वनिमुद्रणे

फुप्फुसाच्या आजारामुळे रुग्णालयात असताना हॅरियट यांनी नव्या वादनपद्धतीचा विचार केला. पारंपरिक जॅझमध्ये ठरलेली धून, तिच्याखालील स्वरसंघांची ठरलेली मालिका आणि न बदलणारा ठेका यांच्या आधारे वादक तत्स्फूर्त विस्तार करतो. धून, स्वरसंघ, मात्रांची मोजणी, एकसंध लय यांपैकी कोणताही घटक आवश्यकतेनुसार सोडून देता येईल, मात्र सर्व घटक एकाच वेळी सोडले जाणार नाहीत, अशी मांडणी हॅरियट यांनी केली. या पद्धतीस त्यांनी ‘फ्री फॉर्म’ असे नाव दिले.

याच नावाची ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९६० मध्ये मुद्रित झाली. तिच्यात हॅरियट यांच्यासह शेक कीन (ट्रम्पेट व फ्लुगलहॉर्न), पॅट स्मिथ (पियानो), कोलरिज गुड (बास) आणि फिल सीमन (ड्रम्स) हे वादक होते. अमेरिकी आल्टो सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांची ‘फ्री जॅझ’ ही प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका त्यानंतर डिसेंबर १९६० मध्ये मुद्रित झाली. कोलमन यांची त्यापूर्वीची काही मुद्रणे उपलब्ध असल्याने हॅरियट त्यांचे अनुकरण करीत असल्याचा समज त्या काळी पसरला होता. परंतु दोघांच्या पद्धतींत मूलभूत फरक आहे. ‘फ्री जॅझ’मध्ये आठ वादकांचे सलग, दीर्घ सामूहिक वादन आहे. हॅरियट यांच्या रचना आटोपशीर असून त्यांत पाच वादकांचा परस्परसंवाद, एकाएकी होणारे लयबदल आणि शांततेचा जाणीवपूर्वक वापर आढळतो.

याच पद्धतीची ‘ॲबस्ट्रॅक्ट’ ही ध्वनिमुद्रिका १९६१-६२ मध्ये मुद्रित झाली. ‘डाउन बीट’ या अमेरिकी जॅझ नियतकालिकाने तिला पाच तारे हा सर्वोच्च दर्जा दिला. ब्रिटिश जॅझ ध्वनिमुद्रिकेस मिळालेला हा अशा प्रकारचा पहिलाच बहुमान मानला जातो. त्यानंतरच्या ‘मूव्हमेंट’ (१९६३) या ध्वनिमुद्रिकेत मुक्त आणि रूढ अशा दोन्ही प्रकारच्या रचना आहेत. समीक्षकांकडून प्रशंसा होऊनही या संगीतास ब्रिटनमध्ये मोठा श्रोतृवर्ग लाभला नाही. १९६५ मध्ये शेक कीन जर्मनीला गेले आणि हा संच विसर्जित झाला.

इंडो-जॅझ : जॉन मेयर यांच्यासह

कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक व रचनाकार जॉन मेयर यांनी काही काळ मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे व्हायोलिनचे शिक्षण घेतले होते. मेहली मेहता हे वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे वडील होत. मेयर १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिक येथे गेले आणि पुढे तेथील प्रमुख सिंफनी वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. निर्माते डेनिस प्रेस्टन यांच्या पुढाकाराने मेयर व हॅरियट एकत्र आले.

त्यांच्या समूहास ‘डबल क्विंटेट’ म्हणजे जोडपंचक म्हटले जाई. त्याच्या एका बाजूस सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास व ड्रम्स हे जॅझचे पंचक होते. दुसऱ्या बाजूस मेयर यांचे व्हायोलिन किंवा हार्प्सिकॉर्ड, बासरीच्या जातीचे फ्ल्यूट, सतार, तबला आणि तंबोरा होता. सतारीवर दिवाण मोतीहार, तर तबल्यावर केशव साठे होते.

‘इंडो-जॅझ सूट’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९६५ मध्ये मुद्रित होऊन पुढील वर्षी प्रकाशित झाली. बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतातून सतारीचा नाद पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात पोहोचला, तोही १९६५ च्या अखेरीस. ‘सूट’मधील दोन रचना मेघ आणि गौड सारंग या रागांवर आधारित आहेत. त्यानंतरच्या ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ या ध्वनिमुद्रिकेत ‘मुलतानी’ ही रचना आहे. तिच्यातील ‘अक्का राग’ ही छोटी रचना बीबीसीच्या ‘आस्क द फॅमिली’ या प्रश्नमंजूषा कार्यक्रमाची शीर्षकधून म्हणून वापरली गेली व ब्रिटनमध्ये घरोघरी परिचित झाली.

या रचनांचे लिखित आराखडे मेयर तयार करीत. जॅझ वादकांना रागातील स्वर नेमून दिलेले असत आणि त्या मर्यादेत त्यांनी विस्तार करावा अशी अपेक्षा असे. हिंदुस्थानी परंपरेत राग म्हणजे केवळ स्वरसमूह नव्हे. चलन, वादी-संवादी, न्यासाच्या जागा व स्वरलगाव यांतून त्याचे रूप सिद्ध होते. उदाहरणार्थ, गौड सारंगाची ओळख त्याच्या वक्र चलनात आहे. या दृष्टीने ‘इंडो-जॅझ’ रचनांत रागाची स्वरचौकट येते, त्याची बढत मात्र येत नाही. दुसरीकडे, स्वरसंघांच्या सतत बदलत्या आधारावर विस्तार करणाऱ्या जॅझ वादकाला एकाच षड्जावर स्थिर राहण्याचे बंधन पाळावे लागते. त्यामुळे हे संगीत दोन परंपरांचा मिलाफ आहे की त्यांची शेजारी-शेजारी मांडणी, यावर मतभेद आहेत. हॅरियट यांचे एकल वादन नेमलेल्या स्वरांतही बीबॉपची ऊर्मी टिकवून ठेवते.

केशव साठे यांनी या काळात इतर युरोपीय जॅझ वादकांबरोबरही काम केले. १९६७ च्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या जर्मन ध्वनिमुद्रिकेत ते मोतीहार व स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्झर यांच्यासह आहेत. पुढे १९७० च्या दशकात इंग्लिश लोकसंगीताचे गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्या समूहात त्यांनी तबलावादन केले.

‘हम दोनो’ : अमान्सिओ डिसिल्वा यांच्यासह

मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलातील लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड आदी आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांच्या कार्यक्रमांतून जॅझ रुजले. गोव्यातील चर्चशी संलग्न संगीतशाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक या शहरातील हॉटेलांच्या वाद्यवृंदांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठ्या संख्येने होते. अमान्सिओ डिसिल्वा (१९३६–१९९६) यांचा जन्म मुंबईत अशाच गोमंतकीय समाजात झाला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांचा त्यांना आश्रय लाभला होता. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले.

१९६९ मध्ये हॅरियट व डिसिल्वा यांनी ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका मुद्रित केली. तिच्यात इयन कार (ट्रम्पेट व फ्लुगलहॉर्न), नॉर्मा विन्स्टन (गायन), डेव्ह ग्रीन (बास) आणि ब्रायन स्प्रिंग (ड्रम्स) यांचा सहभाग होता. मेयर यांच्या रचनांच्या उलट येथे सतार, तबला वा तंबोरा नाही. भारतीय संगीताचे संस्कार डिसिल्वा यांच्या गिटारमधील स्वरवाक्यांतून आणि लयीच्या घडणीतून व्यक्त होतात. विन्स्टन यांचा शब्दरहित कंठस्वर वाद्यासारखा वापरलेला आहे. ‘बॅलड फॉर गोवा’ आणि ‘जयपूर’ या रचनांची शीर्षके डिसिल्वा यांच्या जीवनातील दोन प्रदेशांचे स्मरण देतात. भारतीय संगीत व जॅझ या दोहोंशी परिचित असलेला सहकारी मिळाल्याने हॅरियट यांच्या वादनास येथे अधिक मोकळीक लाभली. ही ध्वनिमुद्रिका अनेक दशके दुर्मीळ होती आणि संग्राहकांमध्ये तिला मोठी मागणी होती.

इतर सहकलावंत

ट्रॉम्बोनवादक ख्रिस बार्बर यांच्या पारंपरिक शैलीच्या बँडबरोबर हॅरियट यांनी अनेकदा पाहुणे वादक म्हणून भाग घेतला. १९६१ च्या लंडन पॅलेडियममधील कार्यक्रमाच्या मुद्रणात त्यांचे वादन आहे. पियानोवादक मायकेल गॅरिक यांच्या काव्यवाचन व जॅझ यांचा मेळ घालणाऱ्या कार्यक्रमांत, तसेच ‘ऑक्टोबर वुमन’ व ‘प्रॉमिसेस’ या ध्वनिमुद्रिकांत ते सहभागी होते.

अखेरची वर्षे व वारसा

१९६९ नंतर हॅरियट यांच्या नावावर नवी महत्त्वाची ध्वनिमुद्रिका निघाली नाही. स्वतःचा स्थिर संच नसल्याने ते ब्रिटनभर फिरून स्थानिक वादकांच्या साथीने कार्यक्रम करीत. ही वर्षे आर्थिक ओढाताणीत गेली. १९७३ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बराच काळ त्यांच्या बहुतेक ध्वनिमुद्रिका बाजारात उपलब्ध नव्हत्या. पुढे त्यांच्या पुनर्प्रकाशनामुळे आणि ॲलन रॉबर्टसन यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे (२००३) त्यांच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. युरोपातील मुक्त जॅझच्या आद्य प्रवर्तकांत आता त्यांची गणना होते. मेयर यांनी १९९० च्या दशकात इंडो-जॅझ फ्यूजन्स हा समूह पुनरुज्जीवित केला.

निवडक ध्वनिमुद्रिका

(कंसातील वर्ष ध्वनिमुद्रणाचे आहे.)

* फ्री फॉर्म (१९६०)
* ॲबस्ट्रॅक्ट (१९६१-६२)
* मूव्हमेंट (१९६३)
* हाय स्पिरिट्स (१९६४)
* इंडो-जॅझ सूट – जॉन मेयर यांच्यासह (१९६५)
* इंडो-जॅझ फ्यूजन्स – जॉन मेयर यांच्यासह (१९६६)
* इंडो-जॅझ फ्यूजन्स २ – जॉन मेयर यांच्यासह (१९६७)
* स्विंग्ज हाय (१९६७)
* हम दोनो – अमान्सिओ डिसिल्वा यांच्यासह (१९६९)