मोहाचे फूल आणि ब्रोराची बाटली

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, ब्रोरा गावी, १८१९ मध्ये स्टॅफर्डच्या उमरावाने व्हिस्कीची भट्टी उभारली. मेंढ्यांच्या कुरणांसाठी ज्या कुळांना खोऱ्यांतून हुसकून किनाऱ्यावर आणले, त्यांच्या जवाला तेथे गिऱ्हाईक मिळाले; त्यांच्या घरगुती चोरट्या भट्ट्या मात्र मोडून काढायच्या होत्या. १९८३ मध्ये ही भट्टी बंद पडली. तिच्या जुन्या बाटल्यांना पुढे लाखांचा भाव आला.

नागपूरच्या पूर्वेस, भंडारा-गडचिरोलीच्या रानांत, याच कथेचे दुसरे रूप आढळते. चैत्राच्या पहाटे गळणारे मोहाचे फूल गोंडांच्या घरी अन्न होते, औषध होते आणि त्याची दारू देवालाही वाहिली जाई. इंग्रजी अमदानीत दारूचे मक्ते लिलावात निघाले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत नुसते फूल बाळगण्यावरही बंधन आले.

मद्याची भलामण करावी, हा येथे हेतू नाही. दारूने मोडलेल्या संसारांच्या आक्रोशातूनच १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. प्रश्न न्यायाचा आहे. २०२१ मध्ये ब्रोराची भट्टी पुन्हा पेटली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरील निर्बंध शिथिल केले. तिकडे हरवलेल्या चवीला वारसा म्हणून मान मिळाला. इकडे पहाटे फुले वेचणाऱ्या बाईच्या पदरात रास्त भाव पडतो का, एवढे तरी आपण विचारायला हवे.